तीन बोटं आणि तापीचं पाणी

देशातली संस्थानं विलीन व्हायला दोन वर्षं पुरली, पण बुऱ्हाणपुरातली स्काऊटांची दोन पथकं काही केल्या एक होईनात. वरून हुकूम येऊन बरेच दिवस झाले होते: आता देशभर एकच संघटना, एकच झेंडा, एकच गळपट्टा. इथे मात्र प्रभाकर मास्तरांच्या शाळेतली पोरं निळा गळपट्टा सोडायला तयार नव्हती आणि देवराम शेठच्या मोहल्ल्यातली केशरी. मास्तर आणि शेठ सख्खे चुलतभाऊ, त्यामुळे समेट आणखीच अवघड. परके लोक भांडून थकतात, भाऊबंद थकत नाहीत.

शेवटी तोडगा निघाला. दोन्ही पथकांना मिळून एकच सहाय्यक कमेटी नेमायची, पोरांचे कपडे, शिबिराची जागा, जेवणखाण सगळं तिनं बघायचं, आणि अध्यक्ष करायचं दापोरा गावच्या कौतिकदादांना. दादा प्रभाकरचे थोरले भाऊ. पण देवराम शेठनीही त्यांच्या नावाला मान हलवली ती नात्याकडे बघून नव्हे. तापीकाठच्या केळीबागांमधून कोणालाही विचारा, कौतिक महाजनांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दोन भावांत बांध फुटला की लोक कोर्टात जायच्या आधी दापोऱ्याला जात.

तर त्या रविवारी दुपारी शनवारा मोहल्ल्यातल्या मास्तरांच्या घरी जाजम अंथरलं होतं. दादा गाडीत केळीचे दोन घड घालून आले होते. देवराम शेठ तक्क्याला टेकले होते. एकुलत्या खुर्चीवर मास्तरांच्या सासूबाई, धुरपदाबाई, बसल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या गल्लीतल्या साऱ्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणून मुलींच्या पथकासाठी कमेटीत त्या हव्याच होत्या. त्यांची लेक शोभा, म्हणजे मास्तरांची बायको, आतबाहेर करत सरबत देत होती.

सुरुवात तर झकास झाली. कापड शेठकडून, शिबिराची जागा दापोऱ्याच्या नदीकाठावर, गळपट्ट्याचा रंग सरकार देईल तो. प्रभाकर मास्तरांना वाटलं, इतकं सोपं होतं तर वर्षभर आपण का डोकं फोडलं? मग त्यांनी मुलींचा विषय काढला.

"पोरींचं पथक आपली विमल चालवील," ते म्हणाले. "खंडव्याच्या शिबिरात शिकून आली आहे. गाठी बांधण्यात तर ती मलासुद्धा हरवते, तेही डाव्या हातानं."

विमल दादांची थोरली लेक. चारेक वर्षांपासून काकांकडेच राहत होती आणि मुलींच्या शाळेत शिकवत होती.

"जावईबापू, बुरा मानू नका," धुरपदाबाई म्हणाल्या. "विमल गुणाची आहे, त्यात शक नाही. पण आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, जिला स्वतःचा संसार राखता आला नाही ती आमच्या पोरींना काय राखणार? पोरी तिच्या भरवशावर तंबूत झोपणार. टाकलेली बाई म्हटली की लोकांची जीभ सुटते. मी एकटी कोणाकोणाचं तोंड धरू?"

"धुरपदाबाईंचं बराबर आहे," देवराम शेठ म्हणाले. सकाळी हेच शेठ विमलच्या नावाला 'एकदम पक्की' म्हणाले होते. "परभाकर, पोरांची एकी आत्ता कुठे जमली. पोरींच्या पायी ती कशाला मोडतोस?"

मास्तरांनी शोभाकडे बघितलं. एरवी विमलवाचून जिचं पान हलत नसे, ती शोभा आईच्या खुर्चीमागे उभी राहून पेले मोजल्यासारखं करत होती. मग मास्तरांनी मोठ्या आशेनं दादांकडे बघितलं. बापच तो. बाप तरी बोलेल.

"राहू द्या," कौतिकदादा खाली बघून म्हणाले. "विमल नको."

मास्तरांना कोणी कानाखाली मारल्यासारखं झालं. माजघराच्या दारात विमल सरबताचा तांब्या घेऊन उभी होती आणि तिनं ते ऐकलं होतं.

*

ऐकलं आणि ती तिथेच थांबली. धुरपदाबाईंचं बोलणं तिला नवं नव्हतं. ते शब्द तिनं नळावर ऐकले होते, शाळेच्या ओसरीवर ऐकले होते, हळदीकुंकवाच्या बोलावण्यात आपलं नाव गाळलेलं बघून न ऐकताच समजून घेतले होते. पण बाबांच्या तोंडून कधी नाही. बाबा तिच्याशी फारसं बोलतच नसत. दापोऱ्याहून आले की घड ठेवायचे, पाणी प्यायचे, जायचे. तिला वाटे, आपल्यामुळे बाबांची मान खाली गेली, म्हणून ते वर बघत नाहीत. आज त्यांनी चारचौघांत तेच सांगितलं, असं तिला वाटलं. तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला.

"असं करू," प्रभाकर मास्तर घाईघाईनं म्हणाले. त्यांना वेळ काढायचा होता. "आधी कमेटीनं वचन घ्यावं, जसं पोरं घेतात. तीन बोटं वर करायची आणि म्हणायचं, मी खरं बोलेन, माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा. मग डाव्या हातानं हस्तांदोलन. मग हात वर करून विमलचं ठरवू."

"डाव्या हातानं?" धुरपदाबाईंनी नाक मुरडलं.

"स्काऊटांची रीत आहे. जुन्या काळी लढवय्ये डाव्या हातात ढाल धरत. ज्याच्यावर भरोसा, त्याच्यापुढे ढाल खाली ठेवून तो हात द्यायचा."

"भरोसा दाखवायला उजवा काय मोडला होता?" शेठ म्हणाले, आणि हसू पिकलं. मास्तरांना तेवढंच बरं वाटलं.

तेवढ्यात मथुराबाई आतून आल्या. दोघा भावांची ही थोरली बहीण. आत्याला या घरात फुई म्हणतात, म्हणून सारा शनवारा त्यांना फुईच म्हणे. 'वचन' एवढा एकच शब्द आत ऐकून त्या उठल्या होत्या, आणि देवघरातला तांब्याचा गडू हातात घेऊनच बाहेर आल्या.

"बोटं वर करून वचन व्हते का कुठं?" त्यांनी गडू जाजमाच्या मधोमध ठेवला. "हे काय पोरखेळ हाये? सकाळीच राजघाटावरून आणलं, तापीमायचं पानी हाये. हातात घ्या अन् मंग काय बोलायचं ते बोला."

"फुई, तसली शपथ नाही ही," मास्तर म्हणाले. "साधं वचन आहे."

"वचनात साधं अन् भारी असते का रे?"

शिकवणीच्या पुस्तकात याचं उत्तर नसावं. देवराम शेठ उत्साहानं पुढे सरकले. उजव्या हातात पाणी घेऊन त्याच हाताची तीन बोटं वर करायला गेले आणि सगळं पाणी बाहीत ओघळलं. पुन्हा हसाहस झाली. अखेर फुईंनीच फैसला केला: उजव्या तळहातात पाणी, डाव्या हाताची तीन बोटं वर. शेठनी वचन घेतलं. धुरपदाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतलं. मास्तरांनी घेतलं. पाणी तुळशीच्या कुंडीत सोडलं.

"घे कौतिक," फुई म्हणाल्या, आणि गडू तिरपा केला.

कौतिकदादांनी हात पुढे केला नाही.

*

त्यांना वाटत होतं, आपण उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो तर चालेल का? पण पाय उचलेनात. गडूच्या तोंडाशी पाणी येऊन थांबलं होतं. असंच थांबलं होतं त्या दिवशी, राजघाटाच्या पायरीवर.

"मी नाई घेत पानी," ते म्हणाले. "अध्यक्ष दुसरा करा."

"दादा, थट्टा आहे का?" शेठ हसले. "तुमच्या नावावर तर दोन पथकं एक झाली."

"थट्टा नाई, देवराम."

फुईंनी गडू खाली ठेवला. भावाला त्यांनी कडेवर वागवलं होतं. ताप आला की त्याचे ओठ कसे पांढरे पडत ते त्यांना ठाऊक होतं, आणि आत्ता ते तसे पडले होते.

"कौतिक, तुले काय झालं? तापीमायच्या पान्याले कोन भेते? खोटा मानूस भेते."

"म्हनून तं भेतो, आक्का."

शेठच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. दादांनी तापीचं पाणी हातात घेतलेलं बघणारे या खोलीत ते एकटेच होते. पंच म्हणून ते त्या दिवशी राजघाटावर बसले होते. एका बाजूला शाहपूरची मंडळी, विमलचं सासर. त्यांचं म्हणणं, आम्ही सुनेला दोनदा न्यायला गेलो, बापानं पाठवली नाही. दुसऱ्या बाजूला दादा. त्यांचं म्हणणं, हे लोक दापोऱ्याला आले ते सांगायला आले, की पोरगी आम्हाला नको. साक्षीदार कोणीच नाही. मग दादांनी पायरी उतरून उजव्या हातात पाणी घेतलं आणि वाद मिटला.

"दादा," शेठ म्हणाले. "शाहपूरवाल्यांच्या वेळी तुम्ही पाण्यात हात घातला होता."

"व्हय."

"त्या हातावर मी फैसला दिला. त्यांच्या घरच्या पंगतीला आपल्यातला एक माणूस चार वर्षांत जेवला नाही. पोराला दूर वऱ्हाडातली बायको करावी लागली. दादा, ते खोटं होतं?"

"ते न्यायलेच आले व्हते," कौतिकदादा म्हणाले. "दोन बार. नवी साडी घेऊन आले व्हते. मीच पाठवलं नाई."

शोभाच्या हातून पेला निसटला आणि जाजमावर गडगडत गेला. तो कोणीही उचलला नाही. फुईंनी आधी भिंत धरली आणि मग त्या हळूच खाली बसल्या. प्रभाकर मास्तर भावाकडे बघत राहिले. या माणसाच्या खरेपणाच्या गोष्टी ते वर्गात नाव न घेता पोरांना सांगत आले होते. दगडावरची रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत पुसली गेली आणि तिच्या जागी काय लिहायचं ते त्यांना समजेना.

"कौतिक, तू तापीमायच्या पान्यावर खोटं बोलला?" फुई इतकंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

*

विमल खोलीत आली ती कधी आली हे तिलाही कळलं नाही. तांब्या अजून तिच्या हातातच होता. ती बापासमोर जाजमावर बसली.

"म्हणजे मला त्यांनी टाकलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाई बेटा."

"ते न्यायला आले होते."

"व्हय."

चार वर्षं ती आपल्यातलं उणं शोधत आली होती. रंग सावळा म्हणून असेल. भाकरी जाड होते म्हणून असेल. सासूला उलट उत्तर दिलं ते एकदाच, कोंबड्यांवरून, त्यामुळे असेल का? आठ महिन्यांच्या संसारातला एकेक दिवस तिनं धान्यासारखा निवडून बघितला होता आणि खडा सापडला नव्हता. तो नव्हताच. तिला वाटलं आपण आता आनंदानं रडू, पण रडू आलंच नाही.

"का?" तिनं विचारलं.

कौतिकदादांनी प्रथमच मान वर केली.

"तू आखाजीच्या सनाले माहेरी आली व्हती. स्वराज्याचा झेंडा लागला त्या सालची आखाजी. समद्या पोरी निंबाच्या झोक्यावर. मी बागेतून पाह्यत व्हतो. तुले झोक्याचा दोर दोनी हातानं धरता ये नाई. तू डाव्या हातानं धरला अन् उजवा पोटाशी घेतला. मी इचारलं, तं तू म्हने विहिरीवर पडली. विहिरीवर पडलं तं मनगटाच्या आतल्या अंगाले डाग पडते का? मी येडा नाई, बेटा."

विमलनं न कळत उजवं मनगट पदराखाली घेतलं. ते दार, त्याच्या फटीत अडकलेलं मनगट, सासूनं बाहेरून दिलेला जोर. तिनं हे आईलाही सांगितलं नव्हतं.

"मग तेच सांगायचं होतं की पंचांना," मास्तर म्हणाले. "सरळ म्हणायचं, मारतात म्हणून मी मुलगी पाठवत नाही."

"अन् पंच काय म्हनते, देवराम?" दादांनी विचारलं. "तूच सांग."

शेठनी आधी बाहीचं ओलं टोक पिळलं. मग म्हणाले, "समज देऊन पाठवा म्हणालो असतो. तेव्हा तेच म्हणायचो आम्ही. कोणत्या घरात होत नाही, म्हणायचो."

"अन् मी नाई म्हटलं असतं तं लोक म्हनते, बापच पोरगी नांदू देत नाई. तुह्या धाकल्या बहिनीचं, मालूचं लगीन व्हायचं व्हतं. कोन आलं असतं या घरात? मंग मी म्हटलं, त्याइनंच टाकली असं व्हऊ द्या. पाप त्याइच्या माथी. मले वाटलं, तू इथं शहरात राहशीन, शाळा शिकशीन, इसरून जाशीन."

"आणि आज? आज 'विमल नको' का म्हणालात?"

"तुह्यावरून लोक शाहपूरले इचारायले जाते, बेटा. खोटं उकरलं जाते. तंबूत पोरी घेऊन जानाऱ्या बाईचं समदं काढते लोक. मी भेलो."

विमलनं तांब्या खाली ठेवला. बोलताना तिचा आवाज चढला नाही.

"बाबा, तुम्ही मला वाचवलंत. ते दार मला अजून स्वप्नात दिसतं. मी गेले असते तर जगले नसते, आणि तुम्ही विचारलं असतं तर मी गेलेच असते, हेही खरं. पण तुम्ही मला वाचवलंत आणि सांगितलंत की मला कोणीतरी फेकून दिलं. मी चार वर्षं फेकलेली बाई म्हणून जगले. माझा बाप मला हातात धरून बसलाय हे मला माहीत असतं, तर मी अशी जगले असते का?"

कौतिकदादांनी तोंड उपरण्यात घेतलं. घरातल्या कोणीही त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

धुरपदाबाई खुर्चीवरून उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता या पदर खोचून निघणार, आणि उद्या सकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीच्या पार टोकाला जाणार. शोभा त्यांना धरायला पुढे झाली, तर त्यांनी लेकीचा हात झटकला.

"माझ्या बापानं मला तीन वेळा परत पोचवलं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या वेळी तर माझं डोकं फुटलेलं होतं. संगे पेढ्यांची टोपली दिली, की जावयाचा राग उतरावा."

"आई," शोभा म्हणाली. वडिलांचा फोटो तिच्या देवघराशेजारी लावलेला होता. रोज सकाळी ती त्याला फूल वाहत असे.

"तुला कशाला सांगायचं होतं? सांगून काय डोकं बरं होतं?" धुरपदाबाईंनी नाक पुसलं. त्या दादांकडे वळल्या. "व्याही, खोटी शपथ घेतली ते वाईटच केलं तुम्ही. तापीमाय बघून घेईल. पण माझ्या बापानं एकदा तरी घेतली असती, तर मी त्याचे पाय धुऊन पाणी प्याले असते." मग मास्तरांना म्हणाल्या, "आमच्या गल्लीतल्या पोरी येतील. विमलच्या हाताखाली येतील. कोण नाही म्हणते ते मी बघते."

शोभा विमलच्या शेजारी येऊन बसली. तिनं विमलच्या पाठीवर हात ठेवला, पण तिची नजर देवघराकडेच लागली होती.

*

"आता ते शाहपूरवाले," देवराम शेठ कपाळ चोळत म्हणाले. "मारकुटे खरे, पण ज्या गोष्टीची सजा दिली ती त्यांनी केलीच नव्हती. मी पंच आहे. मी गप्प कसा राहू?"

"गप्प राहू नका," विमल म्हणाली. "बाबा जातील. पंचांपुढे, तिथेच राजघाटावर. ते न्यायला आले होते, हेही सांगतील, आणि मला का पाठवलं नाही, हेही सांगतील. दोन्ही."

"लोक तुह्या मनगटाचं इचारतीन," फुई म्हणाल्या.

"विचारू दे. मी दाखवीन. मी पण येणार आहे."

"बायका बसत नाहीत पंचांत," शेठ सवयीनं म्हणाले. कोणीच दुजोरा दिला नाही, तेव्हा त्यांनी घसा खाकरला. "तसं म्हटलं तर... ये तू. मी सांगतो त्यांना."

कौतिकदादा उठायला लागले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती. कमेटीतून आपलं नाव कमी करा, असं काहीतरी ते पुटपुटत होते. सरबत, गडू, सांडलेला पेला चुकवत ते दाराकडे निघाले, आणि विमल आडवी आली.

"वचन राहिलं तुमचं, बाबा."

"मले पान्याले हात लावता ये नाई आता."

"पाणी राजघाटावर घ्या. तिथे खरं बोलून झालं की. इथे नुसतं हस्तांदोलन." तिनं डावा हात पुढे केला. "काका म्हणाले ना, ज्याच्यावर भरोसा ठेवायचा त्याला हा द्यायचा. उजवा तुमचा खोटं बोलला, माझा मोडला. हाच राहिलाय आपल्याकडे."

दादा त्या हाताकडे बघत राहिले. डाव्या हातानं त्यांनी लेकीला आजवर काही दिलं नव्हतं. केळं नाही, बोरं नाही, आखाजीची ओवाळणी नाही. डाव्या हातानं दिलेलं अंगी लागत नाही, असं त्यांच्या आईनं शिकवलं होतं. त्यांनी डावा हात पुढे केला. विमलनं तो घट्ट धरला. शाळेतल्या पोरींना गाठ आवळायला शिकवते, तेवढ्या जोरानं धरला, आणि लगेच सोडला नाही.

खोलीत सगळे उभे होते. कोणाला बसावंसं वाटत नव्हतं.

दादांनी हात धरल्या धरल्याच तिच्या पदराखालच्या उजव्या मनगटाकडे बघितलं. निंबाच्या झोक्यापासून आजपर्यंत त्यांनी ते कधी उघडपणे बघितलं नव्हतं.

"अजून दुखते का वं?" त्यांनी विचारलं.

"थंडीत दुखतं," विमल म्हणाली, आणि मग ती रडली.